काळ्या रानासाठी मागचं टायर: १३.६ का १४.९?

मंगळवेढ्याकडचे आमचे दाजी अडकलेत, ४५ एचपीचा ट्रॅक्टर, मागचे टायर संपलेत, परत १३.६-२८ च टाकू का १४.९-२८ घेऊ म्हणतात (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिम, दोन्ही इंचात). ‘जबरदस्त पकड’ दोन्हीच्या जाहिरातीत असते, ते सोडा.

पकडीचं आधी बघू, कारण आपल्याकडं खरी परीक्षा तिथंच. काळी माती भिजली की फुगते, चिकटते आणि टायरच्या नक्षीत गच्च बसते, मग नवं टायरसुद्धा गुळगुळीत झाल्यासारखं जागेवर फिरतं. १४.९ सव्वा इंचानं रुंद, वजन पसरतं, कमी रुततं आणि रानही कमी दाबलं जातं, म्हणून नांगरट, रोटाव्हेटरला तेच सरस. पण वापसा (ओल उतरून रान कामाजोगं होणं) नसताना घातलं तर दोन्ही रुतणार.

उसात मात्र उलटं. सरी अरुंद असेल तर भरणीला, म्हणजे उसाला माती लावताना, १३.६ सुटसुटीत जातं, रुंद टायर उसाला घासतं.

खर्चात १४.९ जड, वर जुन्या रिमवर बसतंय का तेही बघा. फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारा) ट्रॅक्टर असेल तर नुसतं मागचं मोठं केल्यानं पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो न गिअरवर ताण येतो, त्यामुळं कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या साइजबाहेर अजिबात जाऊ नका!

झीज दोन्हीची डांबरावरच जास्त, कारखान्याला ट्रॉली ओढताना हवा वाढवा, रानात उतरताना कमी करा.

दाजी, तुमचं काम जास्त उसातलं, तुम्ही १३.६ च घ्या. ज्वारीच्या मोठ्या रानात नांगरट, भाड्याची कामं करणाऱ्यानं टू व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या) ट्रॅक्टरला १४.९ घ्यावं.