लेव्हलवाला पोरगा, तीन फेऱ्या : पाचपैकी चार तारे

मी अमळनेरला शिंपीकाम करतो. पाव इंच चुकला की कॉलर बसत नाही आणि गिऱ्हाईक ब्लाऊज तोंडावर फेकतं, त्यामुळे मापाच्या बाबतीत माझा कोणावर विश्वास नाही, स्वतःवरही नाही. घर बांधायला काढलं तेव्हा इंजिनिअर म्हणाले, पाया आणि जोत्याची लेव्हल बाहेरच्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. ऑटो लेव्हलची, म्हणजे आडव्या सरळ नजरेने उंची-खोली मोजायची दुर्बीण घेऊन मोटारसायकलवर फिरणारा एक पोरगा आहे, फेरीचे बाराशे घेतो. आतापर्यंत तीनदा बोलावला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण खाली त्याची गाऱ्हाणी पण आहेत.

आमच्या मिस्त्रीला हे आवडलं नव्हतं. तीस वर्षं लेव्हल पाईपवर घरं उभी केलेला माणूस. पाईप हातात धरून मला म्हणाला, "मास्तर, पानी कधी खोटं बोलस का?" तो म्हणतो ते खरं आहे. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं, मधे भिंत असो की विटांचा ढीग. दुर्बिणीला समोरचं दिसावं लागतं, नळी वळून जाते. म्हणून खोल्याखोल्यांत मला अजूनही पाईपच बरा वाटतो.

पहिली फेरी खड्ड्यांची. आमचा प्लॉट बोरी नदीच्या बाजूचा, वर पाच फूट काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पाया खाली मुरुमावर नेला. नऊ खड्डे. पोराने रस्त्याच्या मोरीचा कठडा शंभर मीटर उंचीवर आहे असं मानलं आणि सगळी मापं त्याच्यावरून काढली. हा ठिय्या निवडण्यात तो हुशार निघाला, मिस्त्री विजेच्या खांबावर खूण करायला निघाला होता. खांब कलतो, उद्या बदलतात पण. मोरी कुठे जात नाही. जेसीबीने तीन खड्डे चार-चार इंच कमी काढलेले निघाले. त्यातले दोन आणखी खणले, तिसऱ्यात इंजिनिअरनी पहार मारून पाहिली, तिथे कडक मुरूम वरच लागला होता, तो तसाच ठेवला. दुर्बीण फक्त खोली सांगते, खालची जमीन कशी आहे ते पहारीलाच विचारावं लागतं.

दुसरी फेरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी. त्यानंतर सगळी माणसं गावाला जाणार, म्हणून मिस्त्रीला जोत्याच्या बीमचं काँक्रीट आधी उरकायचं होतं. फळ्या लागलेल्या, पाईपने खुणा मारलेल्या. "लेव्हल बराबर शे, मास्तर," म्हणून मला दोनदा सांगून झालं होतं.

हिशोब सोपा आहे, मी पाठ केला. मोरीवर त्याची मीटरचे आकडे लिहिलेली उंच पट्टी उभी केली, दुर्बिणीत १.२४० दिसलं. म्हणजे दुर्बिणीची नजर १०१.२४० वर. जोतं मोरीपेक्षा पाऊण मीटर वर हवं, कारण रस्त्यावर दर थोड्या वर्षांनी नवा थर पडतो आणि जोतं कमी ठेवलेल्यांच्या ओट्यावर पावसाळ्यात पाणी येतं. तर जोत्याच्या खुणेवर पट्टी ठेवली की ०.४९० दिसलं पाहिजे. जागा खाली असेल तर आकडा मोठा येतो, हे उलटं गणित डोक्यात बसायला मला एक कप चहा लागला. तीन कोपरे आले ०.४९०, ०.४९५, ०.४८८. चौथा, देवघराच्या बाजूचा, ०.५१७. सत्तावीस मिलिमीटर खाली, म्हणजे एक इंच अर्धा सूत.

मिस्त्री तापला. म्हणाला मशीन खोटं. मग मीच पाईप उचलून उजेडाकडे धरला, तर एका वळणात शेंगदाण्याएवढा हवेचा बुडबुडा. तो टिचकी मारून काढला, पुन्हा मोजलं, चौथ्या कोपऱ्याची खूण दुर्बिणीशी दोन-तीन मिलिमीटरमध्ये जुळली. पाणी खोटं बोललं नव्हतं, मधली हवा बोलली होती. मिस्त्रीने गुपचूप फळी वर घेतली. त्या दिवशी तो माझ्याकडचा चहा प्यायला नाही, दुसऱ्या दिवशी प्यायला.

एका इंचाने घर पडलं नसतं, हे कबूल करतो. फरशीखाली मसाला जाड घालून ते झाकलं असतं. पण मग त्या खोलीत मसाल्याचा जादा खर्च, आणि उंबऱ्याला कुठेतरी पायरी. आणि बीम ओतल्यावर कळलं असतं तर फोडायला कोण तयार होतं? ओतायच्या आदल्या दिवशी बाराशे रुपये देऊन कळलं, एवढाच माझा मुद्दा.

आता गाऱ्हाणी. दुसऱ्या फेरीला सकाळी सातची वेळ दिलेली, पोरगा आला सव्वाबाराला. चैत्र-वैशाखात आमच्याकडे दुपारी पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, जमिनीवरून वाफ उठते आणि दुर्बिणीतले आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतात. एकच जागा त्याने तीनदा वाचली, तिन्ही वेळा वेगळी. शेवटी दुर्बीण जवळ आणली तेव्हा आकडा थांबला. आकडे त्याने सिमेंटच्या गोणीवर लिहिले, मी फोटो काढून ठेवला म्हणून वाचलो. कागद द्या म्हटलं तर हसला.

तिसरी फेरी स्लॅब ज्यांच्यावर ओततात त्या प्लेटा लागल्यावर. इथे एक गोष्ट बघण्यासारखी होती : प्लेटांच्या खालून मापायला त्याने पट्टी उलटी धरली, पायाचं टोक वर टेकवून. तो आकडा दुर्बिणीच्या उंचीत मिळवला की वरची उंची मिळते. पण या फेरीत एका कोपऱ्याचा आकडा इतका विचित्र आला की मला माझी मापाची टेप आठवली, जुनी झाली की ती ताणली जाते. पाहिलं तर त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा दुसरा भाग पूर्ण ओढलेलाच नव्हता, खटका लागला नव्हता. दोन बोटं कमी. त्याने नाही, मी पाहिलं.

मग माझा भाचा, पॉलिटेक्निकला आहे, त्याने पोराला मशीन तपासायला लावलं. तीस मीटरवर दोन खुंट्या, दुर्बीण बरोबर मधोमध ठेवून दोघांच्या उंचीतला फरक काढायचा; मधोमध असली की मशीनची चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि कटते. मग दुर्बीण एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा फरक काढायचा. दोन्ही फरक सारखे आले तर मशीन ठीक. दोन मिलिमीटरचा फेर आला, तो चालतो. पण हे त्याने पहिल्या फेरीलाच स्वतःहून करायला हवं होतं, एक तारा त्यासाठी कापला.

फरशीवाल्याने हिरवा लेझर आणला होता, त्याचं पण सांगून टाकतो. खोलीच्या आत, खिडक्यांना पोती लावून, झकास : एक मीटरची रेघ सगळ्या भिंतींवर दहा मिनिटांत. बाहेर ओट्यावर आमच्या उन्हात रेघ दिसेचना, चष्मा लावून पण. मोरीपासूनची उंची अंगणात घ्यायची तर दुर्बीणच. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा इंचभर खाली ठेवायची खूण त्याच मीटर रेघेवरून घेतली, ती बरोबर बसली.

गच्चीचा उतार राहिलाय. आमच्या वडिलांच्या धाब्याच्या घरात वडील पहिल्या पावसात वर चढून पाणी कुठे थांबतं ते बघायचे आणि तिथे पांढरी माती टाकायचे. आता कोबा एकदाच घालायचा, शंभराला एक उतार, म्हणजे तीस फुटांत साडेतीन इंच. त्यासाठी चौथ्यांदा त्यालाच सांगितलंय, परवा सकाळी साडेसहाला. साडेसातला उगवेल असं धरून मी दुकान नऊला उघडणार आहे.