करविषयक फॉर्म छापायला डॉट मॅट्रिक्स, लेझर की इंकजेट?

ऑफिससाठी प्रिंटर घेताना बहुतेक जण वेग आणि पानामागचा खर्च पाहतात. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून कराचे फॉर्म छापायचे असतील, तर आधी कागदाचं ठरवावं लागतं. रकाने आधीच छापलेला फॉर्म आणून त्यात फक्त आकडे बसवायचे आहेत, की सॉफ्टवेअर कोऱ्या कागदावर रकान्यांसकट सगळा फॉर्म काढणार आहे? आणि प्रती एकाच फटक्यात हव्यात, की एकामागून एक निघाल्या तरी चालतील? याची उत्तरं मिळाली की प्रिंटर जवळजवळ ठरतोच.

डॉट मॅट्रिक्स आजही टिकून आहे तो एकाच गुणावर. त्याच्या पिना रिबनवर खरोखर आपटतात, त्यामुळे तीन-चार पदरी कार्बनलेस (दाब पडला की खालच्या पदरावर आपोआप उमटणाऱ्या कागदाच्या) फॉर्मच्या सगळ्या प्रती एकदम उमटतात. लेझर किंवा इंकजेटला हे जमणं शक्यच नाही, कारण त्यांच्यात आघात नसतो. पदर जास्त असतील तर विकत घेण्याआधी त्या मॉडेलची मूळ प्रत अधिक किती प्रतींची क्षमता आहे ते बघा. कागदाच्या जाडीचा खटका पदरांनुसार बदलावा लागतो. तो सैल राहिला तर शेवटची प्रत कोरी येते. फार घट्ट झाला तर रिबनची शाई कागदाला फासली जाते आणि रिबन अडकते.

याच्या सेटिंगमध्ये सर्वांत जास्त घोटाळा होतो तो फॉर्मच्या लांबीचा. समजा, सलग कागदाचा फॉर्म 12 इंची आहे. इंचाला 6 ओळी धरल्या तर त्यात 72 ओळी बसतात. ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कागद ए-फोर राहिला असेल, तर प्रिंटर पानाची लांबी 11.69 इंच समजतो. पहिला फॉर्म अगदी बरोबर येतो, म्हणून चाचणी घेणारा निर्धास्त होतो. दुसऱ्या फॉर्मवर मजकूर सुमारे 8 मिलिमीटर वर सरकतो, चौथ्यावर एक इंचाच्या जवळपास, आणि मग एकूण रक्कम भलत्याच रकान्यात जाऊन बसते. म्हणून अशा प्रिंटरची चाचणी एका पानावर घेऊ नये, सलग पाच फॉर्म काढावेत. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार वापरून 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मधल्या 'फॉर्म्स'मध्ये जायचं, नेमक्या मापाचा नवा फॉर्म नाव देऊन तयार करायचा आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तोच निवडायचा. मापात दोन्ही कडांच्या छिद्रांच्या पट्ट्या धरल्या आहेत की नाहीत, हेही एकदा ताडून घ्यावं.

दुसरी गोष्ट मोडची. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईचे 'नीट', 'डॉट मॅट्रिक्स' आणि 'क्विक/ड्राफ्ट' असे प्रकार मिळतात. 'नीट'मध्ये पान चित्रासारखं जातं, त्यामुळे डॉट मॅट्रिक्स रेंगाळतो. साधा मजकूर प्रिंटरच्या स्वतःच्या फाँटमध्ये गेला की वेग कितीतरी वाढतो. देवनागरी मजकूर असेल तर मात्र सहसा चित्रच पाठवावं लागतं, तेव्हा संथपणा गृहीत धरा. क्यूआर कोडसाठी हा प्रिंटर आमच्या मते बाद आहे. कडा खडबडीत उमटतात आणि रिबन फिकी पडली की स्कॅनर कोड वाचत नाही.

लेझरची बाजू कोऱ्या कागदावर भक्कम आहे. रकाने, आकडे, क्यूआर कोड, बारीक टीप, सगळं स्वच्छ येतं आणि पाणी लागलं तरी फिसकटत नाही. फॉर्म सॉफ्टवेअरच काढणार असेल आणि प्रती वेगवेगळ्या निघालेल्या चालत असतील, तर दुसरा विचार करायचं कारण नाही. फक्त प्रत्येक प्रतीवर वेगळं शीर्षक हवं असेल, तर प्रतींची संख्या प्रिंटरच्या खिडकीत न देता सॉफ्टवेअरमध्येच द्यावी. प्रिंटरला '3 कॉपी' सांगितलं, तर तिन्ही पानांवर 'मूळ प्रत' असंच छापून येतं.

आधी छापलेले फॉर्म लेझरमध्ये घालणार असाल, तर छापखान्याला आधीच सांगा. फ्यूझरचं (टोनरची पूड वितळवून कागदाला चिकटवणाऱ्या भागाचं) तापमान 200 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. उष्णता न सोसणारी शाई वितळून रोलरला चिकटते आणि पुढच्या पानांवर तिची सावली उमटत राहते.

आकडे रकान्याबाहेर जातात तेव्हा पहिला संशय प्रिंटरवर घेतला जातो, पण बहुतेक वेळा दोष 'फिट टू पेज'चा असतो. ए-फोर पान 297 मिलिमीटर लांब. ते 97 टक्क्यांवर आलं, तर वरच्या कडेपासून मोजत गेल्यावर तळाशी जवळपास 9 मिलिमीटरचा फरक पडतो. ओळखायची खूण सोपी आहे. सगळे आकडे सारख्याच अंतराने सरकले असतील, तर समास बदला. वरचे जागेवर आणि खालचे अधिकाधिक वर गेले असतील, तर माप आकसलंय. 'अ‍ॅक्च्युअल साइझ' किंवा 100 टक्के निवडा, आणि ए-फोरच्या जागी 'लेटर' हे अमेरिकी माप राहिलेलं नाही ना, तेही पाहा. फॉर्म आधी पीडीएफमध्ये निघत असेल, तर पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅमही आपल्या परीने पान आकसतो. म्हणजे हे सेटिंग दोन ठिकाणी तपासायचं.

जुळणी करताना महागडे फॉर्म वाया घालवू नका. कोऱ्या कागदावर छापा, तो फॉर्मवर ठेवून उजेडासमोर धरा, फरक पट्टीने मोजा आणि तेवढाच समास सॉफ्टवेअरमध्ये वाढवा किंवा घटवा. चाचणीत सर्वांत लांब नाव आणि सर्वांत मोठी रक्कम असू द्या. कागद ओढला जाताना एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, म्हणून रकान्याच्या रेषेला खेटून आकडा बसवू नये.

लेझरवर एक युक्ती फार उपयोगी पडते. एकच प्रिंटर विंडोजमध्ये दोन नावांनी जोडा, 'कर फॉर्म' आणि 'रोजचं काम'. पहिल्यात ट्रे 2, एका बाजूची छपाई, टोनर बचत बंद, आणि दुसऱ्यात नेहमीची सेटिंग. ही निवड 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधल्या 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'मध्ये करावी, कारण 'प्रेफरन्सेस'मधला बदल फक्त त्या वापरकर्त्यापुरता राहतो. यानंतर दोन्ही बाजूंना छपाई होऊन दुसऱ्याचा फॉर्म पहिल्याच्या पाठीवर येण्याची भीती उरत नाही.

इंकजेट, विशेषतः शाईच्या टाकीचा, पानामागे स्वस्त पडतो. महिन्याला मोजके फॉर्म असतील तर चालेल. पण डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) ओल्या बोटाने पसरते, तेव्हा पिगमेंट शाईचंच (रंगाचे बारीक कण असलेल्या) मॉडेल घ्यावं. शिवाय बरेच दिवस न वापरल्यास शाई फवारणारं हेड सुकतं, आणि कराचं काम तर नेमकं मुदतीच्या आठवड्यात एकवटलेलं असतं. वर्षभर जपायच्या कागदपत्रांसाठी आम्ही याची शिफारस करत नाही.

तिन्हींना लागू पडणारी गोष्ट जोडणीची. नेटवर्कवरचा प्रिंटर डब्ल्यूएसडी पोर्टवर (विंडोजने आपोआप शोधून केलेल्या जोडणीवर) असेल, तर तो अधूनमधून 'ऑफलाइन' दिसू शकतो. त्याचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा आणि 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट वापरा. सॉफ्टवेअर रिमोट डेस्कटॉपवर (दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुरून जोडून) चालत असेल, तर प्रिंटरच्या नावापुढे सत्राचा क्रमांक लागतो आणि तो दर वेळी बदलू शकतो. सॉफ्टवेअरने लक्षात ठेवलेला प्रिंटर मग सापडत नाही आणि फॉर्म डिफॉल्ट प्रिंटरवर जातो. अशा ऑफिसात प्रिंटर थेट सर्व्हरवर बसवलेला बरा.

ऑफिसात दोन्ही प्रकारचं काम असेल, तर एकाच यंत्रावर सगळं लादू नका. पदरी फॉर्मसाठी 80 कॉलमचा (एका ओळीत 80 अक्षरं छापणारा) साधा डॉट मॅट्रिक्स आणि बाकी सगळ्यासाठी दोन ट्रेचा मोनो (फक्त काळ्या रंगाचा) लेझर ठेवा. 136 कॉलमचा तेव्हाच घ्या, जेव्हा फॉर्मच 10 इंचांहून रुंद असेल. आणि ड्रायव्हर अपडेट झाल्यावर दोन्हींची चाचणी पुन्हा घ्या, कारण अपडेटनंतर कागदाचं माप मुकाट्याने मूळ पदावर गेलेलं असू शकतं.