निसर्गोपचार शिकायचाय: बी.एन.वाय.एस., बी.ए.एम.एस. की एक वर्षाचा सहायक कोर्स?

बारावी सायन्सनंतर निसर्गोपचार शिकायचा म्हटलं, की कोकणातल्या घरात पहिली चर्चा होते ती अंतराची. पुणं किती लांब, कर्नाटकात एकटं कसं पाठवायचं. आमच्या मते आधी ठरवायचं ते वेगळं आहे: रुग्ण तपासून उपचार ठरवायचे आहेत, की ठरलेले उपचार आपल्या हातांनी द्यायचे आहेत?

ठरवायचे असतील तर पदवी लागते. बी.एन.वाय.एस. (निसर्गोपचार आणि योगाची पदवी) आणि बी.ए.एम.एस. (आयुर्वेदाची पदवी) दोन्ही साडेपाच वर्षांच्या, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदान दोन्हीकडे शिकवतात. पुढे वाटा फुटतात. बी.एन.वाय.एस.मध्ये जलचिकित्सा, माती, उपवास, आहार, मसाज, ॲक्युपंक्चर, योग. औषधाच्या गोळ्या-काढ्यांवर भर नाही. बी.ए.एम.एस.मध्ये द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचे गुणधर्म), रसशास्त्र (धातू-खनिजांची औषधं), पंचकर्म (शरीरशुद्धीचे उपचार) आणि सोबत संस्कृत. ‘दोन्ही नैसर्गिकच’ म्हणून जवळचं कॉलेज धरणाऱ्यांची पहिल्याच वर्षी ओढाताण होते.

खरा फरक नोंदणीचा. आयुर्वेद २०२० च्या केंद्रीय कायद्याखाली येतो. प्रवेश ‘नीट’मधून मिळतो आणि पदवीनंतर राज्याच्या परिषदेत नोंदणी होते. सावंतवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, म्हणजे सिंधुदुर्गातल्या मुलांना घर सोडावं लागतंच असं नाही. निसर्गोपचार या कायद्यात नाही. देशभराची एकच परिषद नसल्याने नोंदणीचे नियम राज्यागणिक बदलतात. कर्नाटकातलं उजिऱ्याचं निसर्गोपचार कॉलेज १९८९ पासून चालू आहे आणि कोकण रेल्वेने मंगळूर गाठून पुढे रस्त्याने जाता येतं. पण तिथली पदवी घेऊन मालवणात पाटी लावायची असेल, तर नोंदणी कुठे आणि कशी होणार, हे फी भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

एक वर्षाचा उपचार-सहायक कोर्स पुण्यात, ताडीवाला रस्त्यावरच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेत होतो. हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही. साधी मातीची पट्टी घ्या. माती जमिनीच्या तीन-चार फूट खालची, खताचा अंश नसलेली लागते. ती उन्हात वाळवून, चाळून, रात्रभर भिजवायची. पोटावर साधारण दहा इंच बाय सहा इंच, इंचभर जाडीची पट्टी वीस ते तीस मिनिटं ठेवतात. आपल्या जांभ्या मातीत खडे असतात आणि ती पाणी धरत नाही, त्यामुळे पट्टी तडकते आणि कातडी ओरखडते. वरच्या थरातली भातशेतीची माती घेतली तर त्यात युरिया असतो. काळी माती किंवा वारुळाची माती बरी, पण तीही चाळूनच. आणि पावसाळ्यात कोकणात माती वाळत नाही, म्हणून वर्षाचा साठा मे महिन्यातच करून ठेवायचा.

गरम पाण्यात पाय बुडवण्याचंही तसंच. पाणी ४० ते ४५ अंश, आधी ग्लासभर पाणी प्यायला द्यायचं, डोक्यावर ओला गार कपडा, वेळ दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असू शकते. रुग्ण ‘अजून गरम चालेल’ म्हणतो आणि पाय भाजतो. हे सहायकाने रोखायचं असतं. पण इन्सुलिन घेणाऱ्याला उपवास द्यायचा का, साखर उतरली तर काय, हा निर्णय सहायकाचा नाही, पदवीधराचा आहे. स्टीमबाथचंही तेच: दमट हवेत घाम वाळत नाही, रक्तदाब अचानक उतरतो आणि माणूस उठताना चक्कर येऊन पडतो.

घरबसल्या पत्राने मिळणाऱ्या डिप्लोमांकडे वळू नका. त्यात एनिमाचं भांडं हातात येत नाही, आणि नावापुढे ‘डॉक्टर’ लावून माणसाच्या जिवाशी खेळ होतो.

गावातच, स्वतंत्रपणे रुग्ण बघायचे असतील तर आम्ही बी.ए.एम.एस. सुचवू. निवासी केंद्रात काम करायची तयारी असेल आणि नोंदणीचं उत्तर मिळालं असेल, तर बी.एन.वाय.एस. घ्या. लवकर कमावायचं असेल तर सहायक कोर्स, पण आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावर काम करायची तयारी ठेवूनच.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीऐवजी सकाळी ओपीडीत रुग्ण किती बसलेत ते मोजा. मग उपचार विभागात जा आणि टबाजवळ थर्मामीटर आहे का, ते बघा. बोट बुडवून पाण्याचा अंदाज घेत असतील, तर तिथे प्रवेश घेऊ नका.