ईएसआयचं कार्ड: पाऊण टक्क्यात काय मिळतं, कुठे अडतं

२०,००० रुपये पगार असलेल्या कामगाराचे महिन्याला १५० रुपये ईएसआयला (कर्मचारी राज्य विमा योजना) कापले जातात आणि मालक वर ६५० घालतो. म्हणजे ०.७५ आणि ३.२५ मिळून चार टक्के. हा दर १ जुलै २०१९ पासून आहे. (त्याआधी साडेसहा होता. दर उतरवला तेव्हा फायदा प्रामुख्याने मालकाचा झाला, हेही नोंदवायला हवं.) या ८०० रुपयांत कामगार, नवरा किंवा बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांची ओपीडी, औषधं, तपासण्या, भरती, ऑपरेशन असं सगळं येतं. खर्चाला कमाल मर्यादा नाही. वय, जुना मधुमेह, आधीचं हृदयाचं दुखणं कोणी विचारत नाही. असा मेडिक्लेम बाजारात विकत मिळत नाही, कितीही हप्ता भरा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्यांना आहे, मग हे कशाला, असं अनेक जण विचारतात. फुले योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे, यादीतले, भरती होऊन घ्यायचे उपचार मिळतात. रोजची बीपीची गोळी मिळत नाही आणि बुडालेला पगारही मिळत नाही. ईएसआयची खरी ताकद तिथेच आहे. आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. टीबी, कॅन्सरसारख्या ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षं नोकरी झाली असेल तर, ८० टक्के दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार. कामावरच्या अपघातात ९० टक्के, त्याला किती दिवस हप्ते भरले याची अट नाही. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही यात धरतात.

आता अडतं कुठे ते. आजारपणाच्या भरपाईसाठी ७८ दिवसांची अट कळीची आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ७८ दिवसांचे हप्ते भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाची भरपाई मिळते. ऑक्टोबर ते मार्चचे हप्ते जुलै ते डिसेंबरला उपयोगी पडतात. मालकाने हप्त्याच्या चलनात दिवस कमी दाखवले की माणूस महिनाभर खाटेवर असूनही हक्क नाही. कंत्राटी कामगारांचं तर हमखास होतं: कंत्राटदार बदलतो, नवा कंत्राटदार जुना दहा आकडी विमा नंबर न विचारता नवीन काढतो, आणि हप्ते दोन नंबरांत वाटले जातात. नंबर आयुष्यभर एकच असतो. नव्या ठिकाणी रुजू होताना तोच द्यायचा, आणि चलन दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरलं जातंय का ते ईएसआयच्या पोर्टलवर स्वतः बघायचं. पगारातून कापून पुढे न भरणं हा गुन्हा आहे, पण तो पकडायला कोणीतरी बघावं लागतं.

कार्ड काढतानाच तीन गोष्टी तपासा. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव आधारवर आहे तसंच हवं. सुनंदाबाई आणि सुनंदा एवढ्यावरून रेफर (मोठ्या हॉस्पिटलला पाठवायची चिठ्ठी) अडकतो. दवाखाना कारखान्याजवळचा नको, घराजवळचा घ्या. आजारी मूल घेऊन कोणी एमआयडीसीत जात नाही. ई-पहचान कार्डावर कुटुंबाचा फोटो आणि मालकाचा शिक्का असू द्या. यातली दुरुस्ती मालकाच्या लॉगिनमधून होते, म्हणून रुजू झाल्या झाल्या करून घेतलेली बरी.

आजारपणाच्या भरपाईत पहिले दोन दिवस मिळत नाहीत, फक्त आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांत पुन्हा आजारी पडलात तर ते सुटतात. दाखला ईएसआयच्या डॉक्टरचाच लागतो, गल्लीतल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर काही होत नाही. अपघात झाला तर मालकाने विनाविलंब अहवाल द्यायचा असतो. 'आधी बरा हो, मग बघू' या बोलण्याला फसू नका. नंतर बोट कायमचं वाकडं राहिलं तर अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे पहिला प्रश्न या अहवालाचाच असतो.

उपचारांचा दर्जा जागोजागी वेगळा आहे. दवाखान्यात ताप, खोकला, बीपी, शुगर यांचं ठीक चालतं. औषध नसेल तर बाहेरून घेऊन बिल लावता येतं, मात्र चिठ्ठीवर डॉक्टरची नोंद हवी. बायपास, डायलिसिस, केमो यासाठी खासगी टाय-अप (ईएसआयशी करार असलेल्या) हॉस्पिटलला रेफर मिळतो आणि तिथे पैसे भरावे लागत नाहीत. ईएसआयकडून बिलं थकली की हीच हॉस्पिटलं 'बेड नाही' म्हणायला लागतात. तातडीच्या वेळी थेट कुठल्याही खासगी हॉस्पिटलात गेलात तर परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) दराने मिळतो, वरचा फरक खिशातून जातो. दहा किलोमीटरच्या आत ईएसआयचं हॉस्पिटल नसेल तर टाय-अपला थेट जाता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सगळ्यात मोठा दोष मात्र २१,००० च्या रेषेचा. १ जानेवारी २०१७ पासून ती हललेली नाही (अपंग कामगारांना २५,०००). पगार २१,५०० झाला की कार्ड जातं, आणि त्या पाचशेत चौघांचा मेडिक्लेम येत नाही. लगेच जात नाही, एवढं लक्षात ठेवा: मे महिन्यात वाढ झाली तर हप्ते सप्टेंबरपर्यंत चालतात आणि लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत. ओव्हरटाइममुळे रेषा ओलांडली जात नाही.  ही रेषा वर न्यावी ही कामगार संघटनांची जुनी मागणी आहे, आणि ती फक्त पगारदारांपुरती ठेवून भागणार नाही. घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा बिगारी यांना या योजनेत जागाच नाही. सगळ्यांच्या हप्त्यांचा एकच फंड, एकच पैसे देणारा, ही सिंगल पेअरची कल्पना इथे १९५२ पासून चालू आहे. फक्त कुंपणाच्या आत.

अमेरिकेत नर्सेसची नॅशनल नर्सेस युनायटेड ही संघटना सगळ्या नागरिकांसाठी सिंगल पेअर मागते, त्यामागे कामगारांचा अनुभव आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये जनरल मोटर्सच्या सुमारे ४८,००० कामगारांनी संप केला, तेव्हा कंपनीने संप सुरू होताच त्यांचा आरोग्य विमा थांबवला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांनी परत सुरू केला. विमा मालकाच्या हातात असला की वाटाघाटीत तो शस्त्र बनतो. ईएसआयमध्ये मालक असा स्विच बंद करू शकत नाही, आधीच्या हप्त्यांचा हक्क चालू राहतो. खासगी ग्रुप मेडिक्लेमच्या बदल्यात ईएसआय सोडायला तयार होणाऱ्या युनियनांनी हे आधी बघावं.

निवृत्तांसाठी: किमान पाच वर्षं विमा असेल तर वर्षाला १२० रुपये आगाऊ भरून पती-पत्नी दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. अर्ज शाखा कार्यालयात करायचा, सोबत निवृत्तीचा दाखला लागतो. तो कारखाना बंद पडायच्या आधी घेऊन ठेवा.