आवाहन आहे, विसर्जन नाही: एसआरडी ५.१ चं परीक्षण

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं वठवत खेळायच्या खेळाचं फुकट मिळणारं नियमपुस्तक, म्हणजे एसआरडी ५.१, घेऊन ठाण्यात घडणारा खेळ मांडायचा असेल आणि त्याची नायिका अंगातली शक्ती न आवरणारी पंधरा वर्षांची मुलगी असेल, तर दात मोजावेच लागतात. तिने बोलावलेलं जे येतं ते तिच्यावरच उलटू शकतं, यावरच सगळी गंमत आहे. प्रश्न एवढाच, की पुस्तकातले नियम तसं होऊ देतात का? देतात, पण दोनतीनच ठिकाणी, आणि ती ठिकाणं शोधावी लागतात.

हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने जानेवारी २०२३ मध्ये ही पीडीएफ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली केली. सुमारे चारशे पानं, सगळं इंग्रजीत, चित्र एकही नाही. मराठीत उतरवा, बदला, छापून विका. श्रेयाची ओळ दिली की झालं. पूर्ण छापून घ्यायच्या भानगडीत पडू नका. एकाग्रतेचे (मंत्र टिकवायला लागणाऱ्या लक्षाचे) नियम, लागणारे सहासात मंत्र आणि चार एलिमेंटलची (हवा, माती, आग, पाणी यांच्या जीवांची) पानं एवढं स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून स्टेपल केलं की पुरतं. मांडणी मात्र वैताग आणते. मंत्र एकीकडे, त्यातून येणाऱ्या जीवाचे आकडे दीडदोनशे पानं पुढे. ऐन मारामारीत मोबाइलवर खालीवर सरकवत बसलं की रंगाचा बेरंग होतो.

‘कॉन्ज्युअर’ने, म्हणजे बोलावण्याने, सुरू होणारे सहा मंत्र आहेत. त्यातले चार पाळीव. ॲनिमल्स, मायनर एलिमेंटल्स, वुडलँड बीइंग्ज आणि सेलेस्टियल: बोलावणाऱ्याचं लक्ष उडालं की आलेले जीव गुमान नाहीसे होतात. त्यातला ॲनिमल्स तर टाळाच. आठ लांडगे आले की प्रत्येकाचा हल्ला वेगळा, आणि कळपाच्या जोरावर प्रत्येकाला दोन फासे. एका फेरीत सोळा फासे टाकेपर्यंत बाकीची मंडळी इन्स्टाग्राम उघडतात. याशिवाय नवव्या पातळीचा (मंत्राची पातळी वेगळी, पात्राची वेगळी) गेट आहे, त्यातून नाव घेऊन ओढून आणलेल्या जीवावर कुणाचीच सत्ता चालत नाही, पण त्याला ५,००० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. दहावीतल्या मुलीला तो कुठून मिळणार? सहांतले उरले दोन, एलिमेंटल आणि फे (परीलोकातले जीव). आपल्या कामाचा खरा मंत्र कॉन्ज्युअर एलिमेंटल.

तो असा चालतो. ९० फुटांच्या आत हवा, माती, आग किंवा पाणी यांपैकी एकाने भरलेला १० फुटी घन लागतो. मंत्र म्हणायला एक मिनिट, म्हणजे मारामारीच्या दहा फेऱ्या. हवेसाठी धूप, मातीसाठी मऊ चिकणमाती, आगीसाठी गंधक आणि फॉस्फरस, पाण्यासाठी पाणी आणि वाळू. आलेला जीव तासभर तोंडी हुकूम ऐकतो. एकाग्रता तुटली तर तो जात नाही. तो तिच्यावर आणि तिच्या सोबत्यांवर शत्रूसारखा उलटतो, तिला त्याला परत पाठवता येत नाही, आणि बोलावल्यापासून एक तास पुरा झाल्यावरच तो आपोआप नाहीसा होतो. आवाहन हातात, विसर्जन घड्याळाच्या हातात.

ठाण्यात हा १० फुटी घन कुठे मिळतो हे बघणं निम्मी मजा आहे. १,००० घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८,३०० लिटर, १०,००० लिटरचे जवळपास तीन टँकर. सोसायटीतल्या ड्रमने भागत नाही. मासुंदा तलाव किंवा उपवन हवं. आग हवी तर मोठ्या सोसायटीची होळी, तीही रचणाऱ्यांनी हात सैल सोडला असेल तरच. मातीला येऊर. हवा मात्र सगळीकडे आहे, आणि इथेच नवखा जीएम (खेळ चालवणारा गेम मास्टर) फसतो: हवेचा एलिमेंटल वर्गातही येऊ शकतो, हे त्याच्या लक्षात खेळ सुरू झाल्यावर येतं. मुलीची शक्ती कुठल्या भूताशी बांधलेली आहे (पंचमहाभूतांतल्या, मुंजा-हडळीतल्या नव्हे) ते आधीच ठरवून टाका.

आता एकाग्रता. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फासा टाकायचा, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कॉन्स्टिट्यूशनचे गुण मिळवायचे. गाठायचा आकडा १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मा, जो मोठा असेल तो. कॉन्स्टिट्यूशनचे +२ असतील तर साध्या फटक्याला टिकण्याची शक्यता ६५ टक्के. ऐकायला बरी वाटते. पण तीन फटक्यांनंतर तीच २७ टक्क्यांवर येते. हा मंत्र ड्रुइड आणि विझार्ड या दोन प्रकारच्या पात्रांनाच मिळतो, आणि दोघांनाही कॉन्स्टिट्यूशनच्या फाशात प्रावीण्य नसतं. एकाग्रता पक्की करणारी फीट (पात्राला मिळणारं जादा कसब) या फुकट पुस्तकात नाही. इथे एकच फीट आहे, ग्रॅपलर. म्हणजे या पुस्तकाच्या चौकटीत ताबा सुटणारच, फक्त कधी एवढंच बघायचं. आपल्या नायिकेसाठी हे वरदान आहे. शिवाय दणदणीत व्यत्यय आला तर जीएमला १० गाठायचा फासा मागता येतो. नियमातलं उदाहरण वादळातल्या जहाजावर आदळणाऱ्या लाटेचं. गोखले रोडवर त्याची जागा ढोल-ताशा घेतो. आईचा सातवा मिस्ड कॉल या नियमात बसतो का, ते टेबलाने ठरवावं.

चौघांपैकी पाण्याचा एलिमेंटल सगळ्यात नाट्यमय. ११४ एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसेल त्याचा आकडा), संरक्षण १४, जमिनीवर ३० फूट आणि पाण्यात ९० फूट वेग. एका पाळीत दोन तडाखे, प्रत्येकी सरासरी १३. पाचव्या पातळीवरच्या विझार्ड पात्राला कॉन्स्टिट्यूशन +२ धरून ३२ एचपी असतात. दोन्ही तडाखे बसले की उरतात ६. त्याहून वाईट म्हणजे तो माणसाला पोटात घेतो. १५ गाठायचा स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) फासा चुकला की आतला माणूस जखडतो, श्वास बंद, आणि दर पाळीला आणखी १३. बाहेरच्या कुणी शेजारी उभं राहून १४ गाठायचा ताकदीचा फासा जिंकला तर ओढून काढता येतं. हा प्रसंग घाटाच्या पायऱ्यांवर घडवा, रस्त्यावर नको. पाण्याजवळ राहण्याची चूक खेळाडूंना स्वतः उमगली पाहिजे. थंडीचा मारा बसला की तो अर्धवट गोठतो आणि वेग २० फुटांनी घटतो. पळायची वेळ तीच.

आगीचा १०२ एचपीचा, ५० फूट वेगाचा, आणि एक इंचाच्या फटीतून शिरणारा. दार लावून उपयोग नाही. त्याच्यावर ओतलेल्या दर गॅलन पाण्यामागे त्याला १ इजा होते. १५ लिटरची बादली म्हणजे ४ गॅलन, म्हणून नुसत्या बादल्यांनी विझवायचा तर २६ बादल्या. सोसायटीची माणसं साखळी करून उभी राहिली तर जमण्यासारखं आहे, आणि हा आकडा टेबलावर मोठ्याने म्हणा. खेळाडूंच्या डोक्यात लगेच चक्रं फिरू लागतात. मातीचा १२६ एचपीचा, संरक्षण १७, कच्च्या माती-दगडातून पोहत येतो. घडवलेल्या दगडातून त्याला तसं येता येत नाही, त्यामुळे काँक्रीटच्या स्लॅबवर पाय असलेला माणूस खालून सुरक्षित. पण वास्तूंना तो दुप्पट इजा करतो, तेव्हा फार वेळ नाही. हवेचा ९० फूट वेगाने उडतो. त्याच्यापासून पळून जाता येत नाही, एवढं पुरे.

चौघांनाही जादू नसलेल्या शस्त्रांचा मार निम्माच लागतो. ताबा सुटल्यावर अख्खा गट गारद होतो तो बहुतेक यामुळे. पाचव्या पातळीच्या चार पात्रांशी हा सामना कागदावर बरोबरीचा, पण हातात साध्या तलवारी असतील तर ११४ एचपी म्हणजे २२८ धरून चाला. तिसऱ्या पातळीच्या पात्रांसमोर हा जीव आणूच नका.

उतारा काय? जादू मोडणारा डिस्पेल मॅजिक यासारख्या पाचव्या पातळीच्या मंत्रावर चालवायला १५ चा आकडा गाठावा लागतो. इंटेलिजन्सचे +४ असतील तर निम्मी संधी. सुटलेल्या एलिमेंटलवर तो चालतो का, हे मंत्रात स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून खेळाआधीच ठरवा. दुसऱ्या लोकात हाकलणारा बॅनिशमेंट जास्त भरवशाचा, कारण तो कॅरिझ्माच्या (व्यक्तिमत्त्वाच्या जोराच्या) फाशावरच टळतो आणि या चौघांचीही कॅरिझ्मा नावापुरती: पाण्याची ८, आगीची ७, हवेची ६, मातीची ५. समोर आकडा १५ चा असेल तर पाण्याचा एलिमेंटल ७५ टक्के वेळा जातो. पण तो कायमचा जायला मिनिटभर एकाग्रता टिकवावी लागते, म्हणजे पुन्हा तीच नाडी. सगळ्यात शहाणा उपाय आधीच मॅजिक सर्कल आखून घेणं: १० फूट त्रिज्या, एक मिनिट, १०० सुवर्णमुद्रांचं तीर्थ किंवा चांदी-लोखंडाची पूड, तासभर टिकतं. उलटं आखलं की आतला जीव बाहेर येत नाही.

मग प्लॅनर बाइंडिंगने त्याला २४ तास बांधून ठेवू, असं हुशार खेळाडू म्हणणारच. इथे पुस्तकाची खरी गाठ आहे. बाइंडिंगला १,००० सुवर्णमुद्रांचं रत्न आणि पूर्ण एक तास लागतो, आणि एवढा लांब मंत्र म्हणताना एकाग्रता त्यातच गुंतते. म्हणजे आधीच्या मंत्रावरचा ताबा तिथेच सुटला. दुसऱ्या कुणी बाइंडिंग म्हटलं तरी एलिमेंटलचं आयुष्य एकच तास, आणि बाइंडिंग सुरू होणार तो आल्यानंतर. काटेकोर वाचलं तर मंत्र पुरा व्हायच्या आत पाखरू उडालेलं असतं. अनेक जीएम इथे काणाडोळा करतात. या कथेत करू नये. मुलीला ती शक्ती बांधून मिळाली तर खेळायला उरलं काय?

शेवटची अडचण पातळीची. नियमाने पाचव्या पातळीचा हा मंत्र पात्राला त्याच्या नवव्या पातळीला मिळतो, आणि नवव्या पातळीची विझार्ड शाळकरी वाटत नाही. दोन तोडगे. पाचव्या पातळीच्या पात्राला हा मंत्र स्लॉटशिवाय (मंत्रांच्या ठरलेल्या कोट्यातून न कापता), दोन मोठ्या विश्रांतींमध्ये एकदा देऊन टाका. नाहीतर जादुई वस्तूंमधला पाण्याचे एलिमेंटल बोलावणारा वाडगा वापरा: फूटभर व्यास, सुमारे ११ लिटर पाणी, मिनिटाऐवजी एका कृतीत काम, पुढच्या पहाटेपर्यंत पुन्हा नाही. वाडगा कसला, ते आजीचं तांब्याचं घंगाळच. त्याला तलावही लागत नाही, त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या सतराव्या मजल्यावरही प्रसंग घडवता येतो. एकाग्रतेची अट मात्र तशीच राहते.

‘तो हल्ला करू शकतो’ एवढंच लिहून पुस्तक सुटलेल्या जीवाचं वागणं जीएमवर सोडतं. दर पाळीला सहा बाजूंचा फासा टाका: १-२ ला सगळ्यात जवळच्यावर, ३-४ ला शेवटचा फटका मारणाऱ्यावर, ५ ला मुलीवर, ६ ला आपल्या मूळ भूताकडे धाव. मांडणीला इंचाच्या चौकटींचा चार्ट पेपर, माणसांना बाटलीची झाकणं, आणि एलिमेंटलला दोन इंची बरणीचं झाकण, कारण तो दोन गुणिले दोन चौकटी अडवतो.

एप्रिल २०२५ मध्ये एसआरडी ५.२ आली, तीही फुकट. तिच्यातला याच नावाचा मंत्र म्हणजे एका जागी उभा राहणारा अमूर्त आत्मा: जवळ आलेल्याला आठ बाजूंच्या ८ फाशांची इजा करतो, जखडतो, आणि एकाग्रता तुटली की विझतो. खेळ वेगवान होतो, आकडे सांभाळायचे राहत नाहीत, हे मान्य. पण उलटत नाही, सुटत नाही. त्या गाईचे दात खरोखरच पाडलेत. मंत्र ५.१ चा घ्या, एलिमेंटलही तिच्यातलेच घ्या, आणि डाउनलोड करताना फाइलच्या नावातला आकडा तेवढा बघून घ्या.