ओरिजिनल तामागोची: कितव्या वर्षी द्यावं, आणि शाळेच्या वेळेचं काय?

बाळ सांभाळायचे मोबाइल गेम बहुतेक एकाच वळणाचे. बाळ रडतं, डोक्यावरच्या फुग्यात दुधाची बाटली दिसते, ती बोटाने ओढून तोंडाशी न्यायची. मग लंगोट, अंघोळ, पाळणा. पाच मिनिटांत सगळं आटोपतं आणि दर दोन कामांमध्ये एक जाहिरात. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यात गंमत वाटते, वाटू द्या. फोन एअरप्लेन मोडवर टाकून दिलात तर ऑफलाइन चालणाऱ्या गेममधल्या बहुतेक जाहिराती गप्प होतात. 'इन-अ‍ॅप खरेदी' असं लिहिलेलं दिसलं तर खरेदीला पासवर्ड लावल्याशिवाय फोन हातात देऊ नका. पण असल्या बहुतेक गेममधलं बाळ फोन ठेवला की जिथल्या तिथे थांबतं. उद्या उघडा, परवा उघडा, भूक तेवढीच.

तामागोचीतलं बाळ थांबत नाही. बांदाई कंपनीने १९९६ साली जपानमध्ये आणलेलं हे अंड्याच्या आकाराचं खेळणं. ते घडवणाऱ्या अकी माइता आणि अकिहिरो योकोई यांना पुढच्याच वर्षी अर्थशास्त्राचं इग नोबेल (नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिक) मिळालं. माणसांचे लाखो तास आभासी प्राणी पाळण्यात घालवायला लावल्याबद्दल! आज 'ओरिजिनल' म्हणून मिळतं ते त्याचंच नवं रूप: ३२ बाय १६ ठिपक्यांचा पडदा आणि खाली तीन बटणं. डावं निवडायला, मधलं पक्कं करायला, उजवं मागे यायला.

मागची प्लॅस्टिकची पट्टी ओढा, घड्याळ लावा. पाच मिनिटांत अंडं फुटतं आणि बाळ उपाशीच जन्माला येतं, भुकेची चारही बदामं रिकामी. आधी चार वेळा जेवण भरवा, मग खेळवा. खेळ अगदी साधा, बाळ डावीकडे बघेल की उजवीकडे ते ओळखायचं. पाचपैकी तीनदा बरोबर आलं की आनंदाचं एक बदाम भरतं. पहिला तासभर मात्र खेळणं हातातून ठेवायचं नाही. त्यातच बाळ शी करतं, पाच मिनिटांची डुलकी काढतं (दिवा तुम्हीच मालवायचा), आजारी पडतं आणि तास उलटला की पुढच्या अवस्थेत जातं. म्हणून सुरुवात रविवारी सकाळी करावी, झोपायच्या वेळी नाही.

मुलं चुकतात ती खाऊपाशी. पोट भरलं की बाळ जेवणाला नाही म्हणतं, खाऊला कधीच नाही म्हणत. खाऊने आनंद लगेच वाढतो, म्हणून मुलं तोच देत सुटतात. पण जेवणाने वजन एकाने वाढतं, खाऊने दोनाने, आणि लठ्ठ बाळ वरचेवर आजारी पडतं. खेळलं की वजन एकाने उतरतं. आनंद हवा तर खेळवा, हे एकदा समजावून सांगितलं की पुरतं. दुसरी चूक शिस्तीची. पोट भरलेलं, आनंदाची बदामं भरलेली, दिवा बरोबर, तरी बाळ हाक मारतं. तेव्हा ते लाडावलेलं असतं आणि रागवायचं चिन्ह दाबायचं असतं. मुलं बिचारी पुन्हा खाऊ देतात. (आजी-आजोबांच्या हाती खेळणं गेलं तर हे हमखास घडणार.) खऱ्या हाकेकडे पंधरा मिनिटं दुर्लक्ष झालं तर ती चूक मोजली जाते, आणि मोठेपणी बाळ कोणत्या वळणाचं निघणार ते या चुकांवरून ठरतं.

खरी अडचण शाळा. लहान वयातलं पात्र रात्री आठला झोपतं आणि सकाळी नऊला उठतं. सकाळच्या शाळेची मुलं सातलाच घराबाहेर पडतात, म्हणजे ते उठून भुकेने पिपाणी वाजवतं तेव्हा घरी फक्त मोठी माणसं. घड्याळ चार तास मागे लावलं तर ते दुपारी एकला उठेल खरं, पण मग रात्री बारापर्यंत जागं. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी: मधलं बटण दाबून घड्याळ आणायचं, डावं आणि उजवं एकदम दाबून वेळ लावायच्या पडद्यावर जायचं आणि तसंच सोडून द्यायचं. तिथे काळ थांबतो. शाळेतून आल्यावर वेळ नीट लावली की पुढे चालू. हीच दोन बटणं एरवी दाबली तर आवाज बंद होतो.

आमच्या मते सात वर्षांच्या आत हे देऊ नये. घड्याळ वाचता यायला हवं, आणि बाळ जातं हेही पचायला हवं. जपानी आवृत्तीत तेव्हा भूत आणि थडगं दिसायचं, बाहेरच्या देशांत पंखवाला देवदूत. नवं अंडं मिळतं, पण पहिल्यांदा रडारड होतेच.

सेल सीआर २०३२ जातीचा, झाकणाला बारीक स्क्रू. सेल काढला की सगळं पुसलं जातं आणि पुन्हा अंड्यापासून सुरुवात, म्हणून पडदा फिका पडू लागला की मुलाला आधी कल्पना द्या. '१६८ प्राणी एकात' असं छापलेल्या स्वस्त नकला बाजारात ढिगाने मिळतात. त्यातली एखादी घेणारच असाल तर पाठीमागचं झाकण पाहा. ते नखाने उघडत असेल तर घेऊ नका, कारण बटणसेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून भाजू शकतं.