श्टुटगार्टचं मर्सिडीज म्युझियम: वरचा मजला घाईत उरकू नका

श्टुटगार्टला जाणार असाल तर मर्सिडीज-बेंझ म्युझियम बघाच, पण एक विनंती आहे, लोक रेसिंग कार बघायच्या ओढीने वरचा पहिला हॉल पाच-दहा मिनिटांत उरकतात, तसं करू नका. लिफ्टने थेट सगळ्यात वर जायचं आणि मग गोल गोल उतारावरून चालत खाली यायचं अशी रचना आहे. वर पोचलात की समोर गाडी नाही, पांढरा घोडा उभा! तिथून पुढे खरी मजा सुरू होते.

कार्ल बेंझची १८८६ ची तीनचाकी मोटारगाडी नीट जवळून बघा. पेटंट २९ जानेवारी १८८६ चं. तीनच चाकं का, तर चार चाकांचं स्टिअरिंग त्याच्या मनासारखं जमत नव्हतं. सीटच्या मागे इंजिन सगळं उघडंच, एक सिलिंडर, ९५४ सीसी, ताकद पाऊण हॉर्सपॉवर आणि वेग ताशी १६ किमीच्या आसपास. मागे भलंमोठं आडवं फ्लायव्हील (जड चाक) आहे, ते हाताने फिरवून गाडी स्टार्ट करायची. आणि इंजिन थंड ठेवायला रेडिएटर नाहीच, पाणी तापून वाफ होऊन उडून जायचं, मग वाटेत थांबून थांबून परत भरायचं. (अगदी पहिली ओरिजिनल गाडी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, तिकडे गेलात तर तीही बघा.)

मला सगळ्यात भिडली ती कार्लची बायको, बेर्टा बेंझ. लग्नाआधीच स्वतःच्या हुंड्याचे पैसे घालून तिने कार्लचा धंदा वाचवला होता, आणि ऑगस्ट १८८८ मध्ये १५ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली, शंभरेक किलोमीटर! पेट्रोल पंप कुठले तेव्हा, वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन (डाग काढायला वापरायचं पेट्रोलसारखं द्रव) घेतलं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीची पिन घालून साफ केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं, चढावर मुलांनी गाडी ढकलली. त्यावरूनच पुढे बेंझने चढासाठी आणखी एक गिअर दिला. म्हणजे पहिली लांब पल्ल्याची टेस्ट ड्राइव्ह एका बाईने केली आणि फीडबॅकही तिनेच दिला, हे मला प्रत्येक मुलीला सांगावंसं वाटतं.

दुसरीकडे कानश्टाटमध्ये (आता श्टुटगार्टचाच भाग) गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख बागेतल्या काचघरात गुपचूप इंजिन बनवत होते, इतकं गुपचूप की हे खोटी नाणी पाडतायत असा माळ्याला संशय आला आणि पोलीस झडतीला आले, सापडली फक्त हत्यारं आणि इंजिनचे पार्ट. त्यांचं उभं इंजिन जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं दिसतं म्हणून त्याला नावही घड्याळाचंच पडलं. ते आधी दुचाकीला लावलं, मग घोडागाडीला आणि बोटीलाही.

मर्सिडीज हे नाव तर एका लहान मुलीचं. फ्रान्समधल्या नीसमध्ये राहणारा एमिल येलिनेक डाइम्लरच्या गाड्या विकायचा, मुलीच्या नावाने रेसमध्ये उतरायचा आणि अजून वेगवान, अजून बुटकी गाडी द्या म्हणून कंपनीच्या मागे लागायचा. डाइम्लर मार्च १९०० मध्ये गेला, नवी ३५ हॉर्सपॉवरची गाडी मायबाखने डिझाइन केली. १९०१ ला नीसच्या शर्यतींत तिने मैदान मारलं आणि १९०२ ला नाव रजिस्टर झालं. बेंझ आणि डाइम्लर कंपन्या एक झाल्या त्या थेट १९२६ ला. मायबाखचं नाव आज लोकांना फक्त महागड्या मॉडेलमुळे माहीत असतं याचं मला खरंच वाईट वाटतं, तो फार मोठा इंजिनिअर होता.

सोमवारी म्युझियम बंद असतं हे लक्षात ठेवा. ऑडिओ गाइड घ्याच, आणि हातात वेळ असेल तर कानश्टाटचं ते काचघरही बघून या, लहानसंच आहे पण अजून जपून ठेवलंय, जायच्या आधी उघडण्याची वेळ तेवढी बघून घ्या.